लपणातून टिपलेला हिवाळा

दिवाळी सरते, रब्बीची ज्वारी वर येऊ लागते आणि मराठवाड्यातील तलावांवर दूरदेशीच्या पाहुण्यांचा मुक्काम पडतो. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक अशी नाना तऱ्हेची बदके लडाख, तिबेटचे पठार, मध्य आशिया आणि सैबेरियातून हजारो किलोमीटरचे अंतर कापून येथे उतरतात. गोदावरी व मन्याड नद्यांच्या परिसरातील नायगाव तालुकाही या पाहुण्यांच्या वाटेवरच आहे. पूर्वी या पाखरांकडे गुराखी, भोई आणि रानात राखणीला बसलेले शेतकरी यांच्याखेरीज फारसे कोणी पाहत नसे. आता सुटीच्या दिवशी पहाटेच नांदेड, लातूरहून दुचाकी व मोटारी निघतात आणि तलावाच्या काठावर लांब भिंगाचे कॅमेरे दिसू लागतात.

हौस वाढली ही आनंदाची बाब आहे. तथापि, काठाकाठाने चालत जाऊन पक्ष्यांच्या थव्यामागे लागण्याने छायाचित्र चांगले येत नाही आणि पक्ष्यांचेही नुकसान होते. यावर जगभरातील छायाचित्रकारांनी शोधलेला जुना व खात्रीचा उपाय म्हणजे लपण. लपण कसे असावे, कोठे असावे आणि त्यात कसे बसावे, याची ही माहिती.

लपण म्हणजे काय?

पक्षी वा प्राण्याला माणसाची चाहूल लागू नये, म्हणून उभारलेला आडोसा म्हणजे लपण. त्यालाच लपणगृह असेही म्हणतात. झाडावर किंवा उंच खांबांवर बांधलेले मचाण आपल्याकडे शिकारीच्या काळापासून परिचित आहे. लपण मात्र बहुधा जमिनीलगत असते. कापडाचा लहान तंबू, गवताची खोप, दगडी भिंतीची खोली, पाण्यावर तरंगणारा आच्छादित तराफा, इतकेच काय पण रस्त्याकडेला उभी केलेली मोटारही लपणाचे काम करते. पक्षी वाहनाला सहसा लवकर सरावतात. दार उघडून माणूस खाली उतरला, की मात्र थवा उडतो, हा अनुभव कालव्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही घेता येईल.

बैलाच्या पोटात कॅमेरा

लपणातील छायाचित्रणाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू या कलेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १८९२ मध्ये त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी अफलातून युक्त्या योजल्या. झाडाचे पोकळ खोड, नकली मेंढी आणि १९०० च्या सुमारास तर आतून पोकळ असा बैलच त्यांनी तयार करवून घेतला. त्या बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहून त्यांनी पाखरे टिपली.

भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वेगळा मार्ग काढला. जंगलवाटेवर तार ताणून ठेवायची आणि वाघाचा पाय लागताच कॅमेरा आपोआप चालायचा, अशी त्यांची योजना होती. आजच्या ‘कॅमेरा ट्रॅप’चे ते पूर्वरूप होय. पक्ष्यांच्या बाबतीत ई. एच. एन. लोदर यांचे भारतातील पक्षी छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायातून भारतात आलेले लोक वान थो यांनी डॉ. सालिम अली यांच्यासमवेत भटकंती करून पक्ष्यांची उत्तमोत्तम छायाचित्रे घेतली.

या जुन्या मंडळींची बहुतेक छायाचित्रे घरट्यावरची आहेत. त्यामागे तांत्रिक कारण होते. तेव्हाची भिंगे आखूड होती आणि कॅमेरा अवजड होता. पक्षी हमखास परत येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे घरटे. आज लांब पल्ल्याची भिंगे सहज मिळतात, त्यामुळे ही अपरिहार्यता उरलेली नाही. घरट्याजवळ माणूस बसला तर आई-बाप अंडी सोडून जातात, उन्हात अंडी तापतात, पिलांचा माग कावळ्यांना लागतो. म्हणूनच घरट्यावरचे लपण हा प्रकार आता जबाबदार छायाचित्रकार टाळतात. चरणाऱ्या आणि विश्रांती घेणाऱ्या पक्ष्यांसाठी हिवाळ्यात उभारलेले लपण, हा त्याला मिळालेला चांगला पर्याय आहे.

हिवाळाच का?

पहिले कारण अर्थातच स्थलांतरित पक्षी. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांचा येथे मुक्काम असतो. ते येथे घरटी करीत नाहीत. खाणे आणि विश्रांती एवढेच त्यांचे काम असते.

दुसरे कारण प्रकाशाचे. डिसेंबरअखेर नांदेड परिसरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ४८ अंशांपर्यंतच वर चढतो. मे महिन्यात तोच जवळजवळ डोक्यावर असतो. साहजिकच हिवाळ्यात तिरपा, मऊ प्रकाश अधिक वेळ मिळतो आणि पिसांचा पोत उठून दिसतो.

तिसरी बाब सोयीची नसून सावधगिरीची आहे. उन्हाळ्यात पाणी आटते आणि प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर एकवटतात. वन विभागाची मचाणावरील प्राणीगणना बुद्धपौर्णिमेच्या रात्री होते, ती यामुळेच. हिवाळ्यात पाणी सर्वत्र असते. त्यामुळे पाणी दिसले की तेथे लपण ठोकून उपयोग होत नाही. पक्षी कोठे चरतो, याचा शोध आधी घ्यावा लागतो.

जागेची निवड

पावसाळ्यानंतर धरणे काठोकाठ भरलेली असतात. त्या वेळी उथळ चिखल जवळजवळ नसतो आणि बदके जलाशयाच्या मध्यावर राहतात. रब्बीसाठी कालव्यातून पाण्याची आवर्तने सुटू लागली, की पाणी मागे हटते आणि गाळाचा पट्टा उघडा पडतो. चिखल्या, तुतवार, पाणलावा, शेकाट्या हे चिखलात अन्न शोधणारे पक्षी या पट्ट्यावर येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा खरा हंगाम. पाण्याची रेषा सरकत असल्याने डिसेंबरमध्ये अगदी मोक्याची असलेली जागा जानेवारीत पाण्यापासून बरीच दूर पडते. म्हणून अशा ठिकाणी कायमस्वरूपी लपणापेक्षा उचलून नेता येईल असे हलके लपण सोयीचे.

गाळपेराच्या जमिनींवर याच सुमारास पिके उभी असतात. ती कोणाची आहेत हे विचारून, त्या शेतकऱ्याची परवानगी घेऊनच पुढे जावे. कोणते पक्षी कोणत्या वेळी कोठे उतरतात, हे त्याला आणि मासेमारी करणाऱ्या भोयांना जेवढे ठाऊक असते, तेवढे कोणत्याही पुस्तकात नसते.

जागा ठरवण्यापूर्वी निदान दोन-तीन दिवस दूरवरून दुर्बिणीने पाहणी करावी. पक्षी कोणत्या दिशेने येतात, कोठे चरतात आणि कोठे झोपतात, याची नोंद ठेवावी. चरण्याच्या जागेजवळ लपण उभारावे, झोपण्याच्या जागेवर मात्र उभारू नये. अनेक बदके रात्री चरतात व दिवसा पाण्यावर विसावतात. त्यांची दिवसाची विश्रांती मोडणे म्हणजे राबणाऱ्या माणसाची झोपमोड करण्यासारखेच आहे.

खोपीचे रूप

लपण परिसरात मिसळून जावे, हा पहिला नियम. आपल्याकडे त्यासाठी महागडा तंबू विकत आणण्याची गरज नाही. बांबूच्या चार काठ्या, गोणपाट किंवा मातकट रंगाचे जाड कापड आणि वरून तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा किंवा पाणवनस्पतींचे सुकलेले दांडे लावले, की राखणदाराच्या खोपीसारखे लपण तयार होते. अशा खोपी पक्ष्यांच्या नित्य पाहण्यातल्या असतात. बसण्यास लहान स्टूल, कॅमेऱ्याच्या तिवईस पुरेल एवढी जागा आणि भिंगासाठी एक झरोका पुरे. झरोक्यास जाळीचे कापड लावावे, म्हणजे आतील हालचाल बाहेर दिसत नाही. कापड वाऱ्याने फडफडता कामा नये. फडफडणाऱ्या कापडाला पक्षी जेवढे बिचकतात, तेवढे स्थिर आकाराला बिचकत नाहीत.

झरोका शक्य तितका खाली असावा. भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आले, की मागचे पाणी धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा वाटतो.

लपण एका दिवसात उभारून लगेच आत बसणे इष्ट नाही. आधी ते दूर उभारावे, मग दर दिवशी थोडे पुढे सरकवावे. पक्षी त्याच्या आसपास निर्धास्त चरू लागले, तरच आत बसावे. लपण नुसते उभे असतानाही पक्षी त्या बाजूस फिरकत नसतील, तर ती जागा सोडून द्यावी.

आत बसण्याची शिस्त

उजाडण्यापूर्वी, म्हणजे साधारण पावणेसहापर्यंत आत शिरावे. उशीर झाल्यास जुनी युक्ती कामी येते. दोघांनी मिळून लपणात जावे आणि एकाने बाहेर येऊन सर्वांदेखत निघून जावे. बहुतेक पक्ष्यांना आत एक माणूस उरला आहे हे उमगत नाही. कावळ्यांसारखे चतुर पक्षी मात्र याला सहजी फसत नाहीत.

आत शिरताना टॉर्चच्या उजेडात जमीन व कडब्याच्या पेंढ्या नीट पाहून घ्याव्यात. घोणस, मण्यार आणि विंचू यांनाही असा कोरडा आडोसा आवडतो. अंगावर मळकट रंगाचे गरम कपडे असावेत. मोबाइल बंद ठेवावा. पाणी, कोरडे खाणे आणि नैसर्गिक विधीची सोय यांचा विचार आधीच करावा, कारण मध्येच बाहेर पडणे म्हणजे साऱ्या सकाळवर पाणी. लपणात दोघांहून अधिक जण नसावेत. गप्पांचा आवाज पाण्यावरून फार दूर जातो.

बाहेर पडण्याचीही वेळ असते. पक्षी आपणहून दूर गेले असतील तेव्हाच बाहेर यावे. थवा समोर असताना अचानक उभे राहिल्यास लपणावरचा त्यांचा विश्वास एका क्षणात संपतो.

कॅमेरा व प्रकाश

पाणपक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग उपयोगी पडते. तिवई नसेल तर वाळूने किंवा धान्याने भरलेली पिशवी टेकू म्हणून चालते. उडणाऱ्या पक्ष्यासाठी सेकंदाचा एक हजारांश ते दोन हजारांश एवढा वेग लागतो, स्थिर उभ्या बगळ्यासाठी त्याहून पुष्कळ कमी पुरतो. आवाज न करणारे शटर ज्या कॅमेऱ्यात आहे, त्यांनी ते वापरावे. फ्लॅश वापरू नये.

सकाळी सूर्य पाठीशी राहावा यासाठी लपण पूर्व काठावर व झरोका पश्चिमेस असावा. पहाटेच्या धुक्यात विरुद्ध दिशेनेही सुरेख छायाकृती मिळतात. थंडीत भिंगावर दव जमते, म्हणून कोरडे सुती कापड हाताशी ठेवावे. दहा वाजल्यानंतर जमीन तापू लागते आणि दूरच्या पक्ष्यापुढे हवा मृगजळासारखी थरथरते. त्या वेळी कितीही उत्तम कॅमेरा असला, तरी चित्र स्पष्ट येत नाही. कॅमेरा मिटून दुर्बीण हाती घेण्याची ती वेळ.

पक्षी काय सांगतो?

लपणातला छायाचित्रकार पक्ष्याच्या हालचाली वाचायला शिकला पाहिजे. चरणे थांबले, मान ताठ झाली, सारा थवा एकाच दिशेला पाहू लागला, हळूहळू पोहत वा चालत दूर सरकू लागला, ही अस्वस्थतेची चिन्हे होत. थवा उडाला म्हणजे इशारा देऊन झाला आणि तो आपण वाचला नाही, असा अर्थ.

उडण्याची किंमत मोठी असते. पट्ट कादंब हा हंस हिमालय ओलांडून येतो आणि या प्रवासात त्याने सात हजार मीटरच्या आसपास उंची गाठल्याची नोंद झाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याला हीच वाट उलट दिशेने कापायची असते. त्यासाठी लागणारी चरबी येथील शेतांत आणि तलावांकाठीच साठवावी लागते. सकाळच्या दोन तासांत चार वेळा थवा उठवला, तर खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली शक्ती खर्चही होते. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून दगड मारणे वा होडी थव्यात घालणे, हा प्रकार म्हणूनच अक्षम्य आहे.

माळरानावरील लपण

मराठवाड्याचे वन्यजीवन तलावांपुरते नाही. काळवीट, रोही, खोकड आणि लांडगा हे माळरानाचे रहिवासी आहेत. हिवाळ्यात गवताळ भागात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. दिवसा ते शेतांवरून खालून घिरट्या घालीत टोळ व उंदीर टिपतात आणि रात्री गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात. अशा जागी संध्याकाळनंतर पाय ठेवू नये. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे हा या दिवसांतला आणखी एक देखणा विषय. मोराचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की पावसाळा सरताच नराचा पिसारा गळतो आणि पुन्हा पूर्ण वाढायला हिवाळा जावा लागतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. मोरांसाठी प्रसिद्ध असलेले नायगाव मयूर अभयारण्य बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात आहे. नांदेड जिल्ह्यातील नायगावशी त्याचा संबंध नाही.

हिवाळा हा सर्वांच्याच विणीबाहेरचा काळ नाही. लांडग्यांची पिल्ले बहुधा याच दिवसांत जन्मतात. अनेक गरुड व घुबडांची घरटी हिवाळ्यातच असतात. चित्रबलाकांची सारंगागारे, म्हणजे एकत्र घरट्यांची झाडे, या काळातही गजबजलेली असू शकतात. गुहा, बीळ किंवा घरटे दिसले, तर लपण तेथे न्यायचे नाही. माळढोक हे याचे सर्वांत कठोर उदाहरण. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. मादी एका विणीत साधारणतः एकच अंडे घालते. अधिवास आक्रसणे हे त्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण आहे. पण इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत एका अंड्याचा नाशही परवडणारा नसतो.

आमिष आणि गर्दी

देशात काही ठिकाणी लपणे हा आता व्यवसाय झाला आहे. उत्तराखंडमधील सातताल किंवा कर्नाटकातील दांडेलीजवळचे ओल्ड मॅगझीन हाऊस येथे पक्ष्यांसाठी पाणी ठेवले जाते आणि पाहुणे जवळ बसून छायाचित्रे घेतात. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव परिसरात स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून रोहित पक्षी दाखवतात. यातून गावाला रोजगार मिळतो आणि पक्षी जपण्याचे कारणही मिळते. पाणी ठेवणे वेगळे आणि शिकारी पक्ष्यापुढे जिवंत उंदीर बांधणे वेगळे, हा भेद मात्र विसरता कामा नये. आमिषाला सरावलेला पक्षी माणसाला भीत नाही आणि सगळीच माणसे कॅमेरा घेऊन आलेली नसतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हाही खोटेपणाच आहे. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चरणे सोडून धावतो. दुर्मीळ पक्ष्याचे चित्र जाहीर करताना नेमकी जागा सांगू नये, कारण पुढच्या रविवारी तेथे जत्रा भरते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होता केलेले छायाचित्रण, अशी स्पष्ट अट त्यात आली आहे. याचा अर्थ अभयारण्यात झुडपे तोडून, खड्डा खणून स्वतःचे लपण उभारता येत नाही; वन विभागाने बांधलेले मनोरे व लपणे वापरावी लागतात. अभयारण्याबाहेर जलाशयाची जमीन जलसंपदा विभागाची आणि शेत शेतकऱ्याचे असते. दोघांचीही संमती घेणे आवश्यक आहे.

कुठे जावे?

नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकर सागर जलाशय, बारूळ येथील निम्न मानार, लिंबोटी येथील ऊर्ध्व मानार, कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर ही जिल्ह्यातील पाणस्थळे नायगावकरांना जवळची. लातूरकरांना धनेगावचा मांजरा प्रकल्प आहे. पैठणचा नाथसागर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. त्याच वर्षी अभयारण्य झालेले नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर हे जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. नवख्याने आधी तेथील निरीक्षण मनोऱ्यांवर बसून पाहणे शिकावे, हे उत्तम.

आपल्याकडील बहुतेक तलावांना असे संरक्षण नाही आणि पाण्याची शाश्वतीही नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी उरल्यासुरल्या डबक्यांवर माणसे, गुरे आणि पाखरे एकवटतात. त्या वर्षी लपण न लावणे हेच शहाणपणाचे.

छायाचित्राचा उपयोग

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून सुरू आहे. लपणात तीन तास बसलेल्या माणसाजवळ प्रजाती, संख्या आणि वेळ यांची नेमकी नोंद असते. ती गणनेस देता येते. पक्ष्याच्या पायात कडे किंवा गळ्यात क्रमांकाची पट्टी दिसल्यास त्याचे स्पष्ट छायाचित्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावे. पक्षी कोठून निघाला, हे त्यावरून कळू शकते.

ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिन साधून २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी निवर्तले. नव्या हौशी छायाचित्रकाराने याच सप्ताहात तलावाकाठी कॅमेऱ्याविना एक सकाळ दुर्बीण व वही घेऊन घालवावी आणि मगच बांबू व गोणपाट जमवावे. लपण चांगले जमले की नाही, याची कसोटी घरी येऊन पाहायच्या चित्रांत नाही. आपण निघालो तेव्हा पाखरे तेथेच चरत होती का, एवढेच पाहावे.